जावा: उभ्या रेघेवर ओळ तोडली तर आडनावाचा काना-वेलांटी सुटी होते

प्रश्न (संस्थेचा पोरगा)
गावच्या दूध संस्थेचं दहा दिवसांचं बिल काढायला जावा या प्रोग्रामिंग भाषेत छोटा प्रोग्राम लिहितोय. संकलन यंत्रातून फाइल निघते, त्यातली एक ओळ:

0117|पाटील|4.2|8.5|6.5||

कोड, नाव, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक), लिटर, पशुखाद्य कपात, उचल. ओळ उभ्या रेघेवर तोडायला स्प्लिट("|") दिलं. 7 रकाने हवे होते, आले 24 तुकडे! पाटलांचे प, काना, ट, वेलांटी, ल असे पाच. आधी वाटलं युनिकोडची (संगणकात मराठी अक्षरं साठवायच्या पद्धतीची) भानगड आहे, त्यात रात्र गेली. पण 0117 चेही चार तुकडे झालेत. सकाळी सेक्रेटरी बिल मागणार.

उत्तर (जुना जावावाला)
युनिकोड बिचारं निर्दोष आहे. जावाचं स्प्लिट साधं चिन्ह घेत नाही, रेग्युलर एक्सप्रेशन, म्हणजे मजकूर शोधायचा नमुना, घेतं. त्यात उभी रेघ म्हणजे "किंवा". तुम्ही सांगितलंत, "काहीच नाही किंवा काहीच नाही" यावर तोड. ते प्रत्येक अक्षरामागे सापडतं. स्प्लिट("\\|") लिहा. उलटे स्लॅश मोजायचा कंटाळा असेल तर स्प्लिट(पॅटर्न.क्वोट("|")).

संस्थेचा पोरगा
नाव जुळलं, आभार! पण आता कपात वाचताना अ‍ॅरे इंडेक्स आउट ऑफ बाउंड्स अशी चूक येते, म्हणजे नसलेला रकाना मागितला. ज्यांनी पेंड आणि उचल दोन्ही घेतलंय त्यांचं बिल निघतं, पाटलांचं नाही.

जुना जावावाला
हा दुसरा खड्डा, यात मीही पडलोय. शेवटचे रिकामे रकाने जावा गुपचूप टाकून देतं, म्हणून तुम्हाला 5 च मिळाले. स्प्लिटला रेघेनंतर एक उणे आकडाही द्या: स्प्लिट("\\|", -1). मग 7 चे 7. रिकाम्या मजकुराला शून्य मात्र तुम्हीच धरायचं.

उत्तर (पायथनकर)
आमच्या पायथन भाषेत स्प्लिट("|") ला दोन्ही भानगडी नाहीत. असो, भांडण नको. नावं मराठी कीबोर्डवर टाइप करता का? मग दंड, म्हणजे मराठीतली विरामाची उभी रेघ, तपासा. । आणि | डोळ्याला सारखेच दिसतात, मशीनला नाही.

संस्थेचा पोरगा
-1 ने पाटील निघाले. आणि दंडाचं खरं निघालं राव! 0203 ची ओळ यंत्र बंद असताना हाताने भरलेली, तिच्यात चार ठिकाणी दंड. आता तोडल्यावर 7 रकाने नसतील तर ओळ क्रमांकासकट वेगळ्या यादीत टाकतो, बिलात घेत नाही. सेक्रेटरींनी विचारलं, "मग 0203 चं दूध कुणाच्या नावावर?" हाताने दुरुस्त करून दिलं.