अनुभव धागा : अँटेनावरचा टीव्ही आणि मुंबई

२ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळीहून मुंबई दूरदर्शनचं प्रसारण सुरू झालं. दिल्लीत टीव्ही १९५९मध्येच आला होता. देशातलं दुसरं केंद्र मात्र मुंबईला मिळालं आणि त्यासाठी तेरा वर्षं जावी लागली. वरळीच्या मनोऱ्यावरून निघालेलं चित्र शहरात कुणालाही घेता येत होतं. परळच्या चाळीत तेच, मलबार हिलवर तेच. दर महिन्याचं बिल नाही, पॅकेज नाही. सुरुवातीला पोस्टात परवान्याचे पैसे भरावे लागत, तेही १९८५मध्ये बंद झालं.

जुन्या कार्यक्रमांच्या आठवणींचे धागे भरपूर निघतात आणि मी तेही आवडीनं वाचतो. इथे मला दुसरं काही हवं आहे. ते चित्र तुमच्या घरापर्यंत कसं पोचायचं? कुणाच्या घरी बसून पाहिलंत? आज घरात मोफत टीव्ही येतो का, येत असेल तर कोणत्या मार्गानं? दूरदर्शनचे जुने ॲनालॉग क्षेपक (अँटेनासाठी चित्र सोडणारी यंत्रं) २०२२पर्यंत, सीमेवरचे आणि बेटांवरचे काही वगळता, बंद झाले. त्यामुळे "मोफत टीव्ही संपला" असं सर्रास बोललं जातं. तो संपलेला नाही, आणि संपू नये असं मला मनापासून वाटतं. शहराला जसा सार्वजनिक नळ लागतो, तसा हाही लागतो.

लिहा. मोठं लिहिलंत तरी चालेल.

पाना_पकड, कुर्ला

मी सत्तरच्या दशकाच्या शेवटी कुर्ला-चेंबूर भागात अँटेना लावायचं काम करायचो. ॲल्युमिनिअमच्या नळ्या आणि चपटी वायर लॅमिंग्टन रोडवरून आणायची आणि गच्चीवर बसून जोडणी करायची. मागची सगळ्यात लांब नळी रिफ्लेक्टर, मधली डायपोल, पुढच्या डायरेक्टर. डायपोलला वायर लागते, बाकीच्या नळ्या नुसत्या प्रसारणाची लाट गोळा करून तिच्याकडे ढकलतात. पहिल्या वाहिनीच्या नळ्या माणसापेक्षा लांब असत, कारण तिची तरंगलांबी मोठी होती. चेंबूरला तोंड पश्चिमेकडे, बोरिवलीला दक्षिणेकडे, कुलाब्याला उत्तरेकडे. सगळ्यांचं तोंड वरळीकडेच.

दिशा साधली तरी काम संपायचं नाही. एक जण गच्चीवर, एक जिन्यात, एक टीव्हीसमोर. खालून "आलं, आलं... गेलं!" असा पुकारा. आमच्या भागात विमानतळाचा त्रास फार. विमान डोक्यावरून गेलं की चित्र लाटेसारखं हलायचं, कारण विमानाच्या पोटावर आपटून आलेली लाट मूळ लाटेत मिसळायची. उंच इमारतींचंही तेच, फक्त इमारत हलत नाही म्हणून सावली कायमची. माणसाशेजारी त्याचाच फिकट जुळा उभा. लाट ३०० मीटर जास्त फिरून आली तर साध्या वीस इंची पडद्यावर सावली पाऊण सेंटिमीटर सरकते. मला हे एका रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांनी शिकवलं होतं. सावली किती लांब पडली आहे ते पाहून ते सांगायचे, कोणती इमारत आडवी येते. मग अँटेना थोडी तिरकी करून त्या इमारतीकडे पाठ फिरवायची.

संक्रांतीनंतर धंदा जोरात. मांजा अडकलेला, नळ्या वाकलेल्या. पावसाळ्यात वायरचे जोड गंजायचे आणि पडद्यावर मुंग्या यायच्या.

झोपडपट्टीत मी मजुरी कमी घ्यायचो, कारण तिथे एक संच लागला की त्याच्यासमोर सगळी गल्ली बसायची.

खाडीपलीकडची, डोंबिवली

दादा, तुम्ही मनोऱ्याच्या जवळ होतात. आमच्या आणि वरळीच्या मध्ये पारसिकचा डोंगर. उंच पाइप, त्यावर बूस्टर, एवढं करूनही चित्र धूसरच. वडिलांनी पाइपला तीन बाजूंनी तारा ताणून बांधल्या होत्या आणि वादळ आलं की आधी गच्चीवर धाव. मुंबईकडचे नातेवाईक आमच्याकडे आले की "तुमच्याकडे असंच दिसतं का?" विचारायचे. आम्हाला तेच स्पष्ट वाटायचं.

लालबाग_८२

१९८२ हे वर्ष टीव्हीच्या इतिहासात रंगीत प्रसारणाचं म्हणून लिहिलेलं असतं. १५ ऑगस्टला रंग आला, नोव्हेंबरात दिल्लीचे आशियाई खेळ झाले. आमच्या चाळीत ते वर्ष संपाचं. १८ जानेवारीपासून गिरण्या बंद. ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यातल्या काहींनी भांड्यांच्या पाठोपाठ तोही विकला.

आमच्या मजल्यावर एकच संच उरला, लाकडी शटरचा, कृष्णधवल. तो ज्यांचा होता त्या मावशी खानावळ चालवायच्या. संपात खानावळीचं गिऱ्हाईक आटलं होतं, उधारी थकली होती, पण मावशींनी संध्याकाळी दार कधी लावून घेतलं नाही. शनिवारी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी. बाया आत, मुलं उंबरठ्यापाशी, पुरुष गॅलरीत उभे राहून खिडकीतून. 'कामगार विश्व' लागलं की गॅलरीतली माणसं पुढे सरकायची. आपल्याबद्दल काही बोलतात का ते ऐकायला.

घरात दोन वेळचं जेवण जमवताना आईची दमछाक व्हायची, त्या वर्षभरात आम्हा भावंडांची करमणूक झाली ती एवढीच. तिला पैसे पडत असते तर ती सगळ्यात आधी बंद झाली असती. वर धागाकर्त्यानं नळाची गोष्ट लिहिली आहे, ती मला पूर्ण पटते.

माहीमची खाडी

आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये कराची लागायचं! खरंच. समुद्रावर खालची हवा दमट नि थंड आणि वर कोरड्या गरम हवेचा थर असला की लाटा त्या थरांमध्ये अडकून दूरवर जातात. एरवी क्षितिजापाशी संपणारं चित्र आठ-नऊशे किलोमीटर यायचं. काकांनी वायव्येकडे तोंड करून वेगळी अँटेना उभारली होती. कधी नुसती खरखर, कधी अर्धा तास स्वच्छ चित्र आणि ऐन प्रसंगात पुन्हा मुंग्या. पाकिस्तानी नाटकं पाहायला शेजारच्या मुसलमान कुटुंबातल्या आजी यायच्या. उर्दूतले अवघड शब्द त्या माझ्या आजीला समजावून द्यायच्या आणि दोघींना कथा एकदम आवडायची. दोन्ही घरांनी एकत्र बसून पाहिलेली ती नाटकं मला आजही महत्त्वाची वाटतात.

पर्वती_पायथा

पुण्याची हजेरी. १९७३पासून आम्हाला मुंबईचाच कार्यक्रम सिंहगडावरच्या केंद्रातून मिळू लागला. त्यामुळे पुण्यातल्या अँटेनांची तोंडं सिंहगडाकडे. मुंबईचे लोकल कार्यक्रम पाहून आम्हाला वरळी, दादर, गिरगाव ही नावं तिथे न जाताच पाठ झाली.

घाटकोपरची बेन

माझं माहेर आणि सासर दोन्ही गुजराती. मराठी मी शाळेत थोडी शिकले आणि बाकी सगळी संध्याकाळी सातच्या बातम्यांतून. प्रदीप भिडे बातम्या वाचायचे ते इतकं सावकाश आणि स्पष्ट, की शब्द कुठे तुटतो ते समजायचं. बाबा पेढीवरून आले की मी बातम्या त्यांना गुजरातीत सांगायची. 'आवो मारी साथे' लागायचं त्या दिवशी मात्र शेजारच्या मराठी काकू आमच्याकडे येऊन बसायच्या, आणि सांगायचं काम त्यांच्यासाठी उलट्या दिशेनं.

वाहिनी एकच असल्यामुळे मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी सगळ्यांना त्याच चार-पाच तासांत जागा वाटून दिलेली होती. दुसऱ्याची भाषा संपेपर्यंत थांबावं लागायचं. थांबता थांबता ती कानावर पडायची. आता प्रत्येक भाषेच्या डझनभर वाहिन्या आहेत आणि माझ्या नातवाला मराठी बातम्या कुठे लागतात ते माहीत नाही.

मूकनायिका

माझा भाऊ जन्मापासून बहिरा. १९८७मध्ये दूरदर्शनवर कर्णबधिरांसाठी आठवड्याचं बातमीपत्र सुरू झालं. घरातले सगळे टीव्हीभोवती असताना तोवर तो कोपऱ्यात चित्रं काढत बसायचा. रविवारी दुपारी मात्र सगळे गप्प आणि तो पुढे. जग काय बोलतंय हे त्याला समजायचं आणि आम्ही त्याला विचारायचो. जाहिरातदार मिळो न मिळो, असा कार्यक्रम वर्षानुवर्षं चालू ठेवणं सार्वजनिक वाहिनीलाच जमतं, असं माझं ठाम मत आहे.

स्पष्टवक्ता, विलेपार्ले

थोडं वेगळं मत मांडतो. तेव्हा एकच वाहिनी होती म्हणजे एकच बाजू होती. दूरदर्शन मंत्रालयाच्या हाताखाली चालायचं. त्यासाठीची स्वायत्त संस्था, प्रसार भारती, प्रत्यक्षात आली ती १९९७मध्ये. मंत्र्यांची उद्घाटनं पाहत बातम्यांचा निम्मा वेळ जायचा. १९९१-९२मध्ये उपग्रह वाहिन्या आल्या, केबल आली, तेव्हा आमच्या घरी खिडकी उघडल्यासारखं वाटलं होतं. ते विसरून चालणार नाही.

धागाकर्ता

@स्पष्टवक्ता, मान्य, आणि लिहिलंत हे फार बरं केलंत. सरकारी बातमी आणि सार्वजनिक प्रसारण या दोन गोष्टी वेगळ्या करायला आपल्याकडे फार उशीर झाला. पण त्या चुकीची शिक्षा म्हणून मोफत प्रसारणच नको, असं होऊ नये. लालबागच्या मावशींच्या खोलीत बसणाऱ्यांना केबल परवडली नसती.

खडूफळा (मनपा शाळा, पूर्व उपनगर)

मी शिक्षिका आहे. २०२०च्या टाळेबंदीत "ऑनलाइन वर्ग" म्हणून आदेश आला. वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी एकच फोन, तोही वडिलांबरोबर कामावर. रिचार्ज संपलेला. मी घरोघरी फोन करून विचारत सुटले, की टीव्ही आहे का आणि त्यावर सह्याद्री दिसते का. बऱ्याच घरांतून होकार आला.

२० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झालं. पहिली ते आठवीसाठी, पाठ्यपुस्तकाला धरून, घरातल्या वस्तू घेऊन करायचे प्रयोग, मराठीत. मी वेळापत्रक हातानं लिहून त्याचा फोटो पालकांना पाठवायची. ज्यांना फोटो पोचत नव्हता त्यांच्यासाठी रेशनच्या दुकानाबाहेर कागद चिकटवला. दुपारी एखाद्या मुलाला फोन लागला की "आज काय दाखवलं?" हा पहिला प्रश्न. एका मुलीनं मला भेंडीच्या ठशांतून गुणाकार सांगितला. आईनं भाजी चिरताना दोन भेंड्या तिच्यासाठी बाजूला ठेवल्या होत्या.

टीव्हीनं शाळा भरून निघत नाही, हे मी दहा वेळा सांगेन. मुलांचे प्रश्न टीव्हीला ऐकू येत नाहीत. पण त्या महिन्यांत माझ्या काही मुलांपर्यंत शिक्षण म्हणून जे काही पोचलं ते याच वाटेनं, आणि त्यासाठी त्यांच्या आईबापांना कुणाला पैसे द्यावे लागले नाहीत.

छत्रीवाला, मानखुर्द

आमच्या वस्तीत आता पत्र्यावर छत्र्याच छत्र्या. डीडी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची उपग्रहावरून येणारी मोफत सेवा. २००४च्या डिसेंबरात 'डीडी डायरेक्ट प्लस' नावानं सुरू झाली तेव्हा ३३ वाहिन्या होत्या, आता शंभराच्या वर आहेत. छत्री आणि बॉक्स मिळून दीड-दोन हजारांत काम होतं आणि पुढे महिन्याला शून्य.

माझ्याकडे गिऱ्हाईक दोन वेळा वाढलं. २०१२च्या अखेरीस मुंबईत केबलला सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला तेव्हा, आणि २०१९मध्ये नवे दर आले तेव्हा. तेव्हा पहिल्या शंभर वाहिन्यांचे १३० रुपये अधिक जीएसटी, त्यावर आवडीच्या सशुल्क वाहिन्यांचे वेगळे पडायचे. घरकाम करणाऱ्या बाया हिशेब करून यायच्या. "भाऊ, वर्षभरात छत्रीचे पैसे फिटतात ना?" फिटतात.

क्रिकेटचंही सांगतो. २००७च्या कायद्यानं महत्त्वाच्या सामन्यांचं प्रसारण दूरदर्शनला द्यावं लागतं. २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, की ते चित्र दूरदर्शनच्या स्वतःच्या क्षेपकांवर आणि फ्री डिशवरच दाखवायचं, खासगी केबल-डीटीएचवरच्या डीडीवर नाही. म्हणून असा सामना असला की केबलवाले शेजारी आमच्या गल्लीत येतात.

सातवा_मजला, गोवंडी

@छत्रीवाला, मदत हवी आहे. पुनर्वसनाच्या इमारतीत राहतो. घराची एकच खिडकी, तीही उत्तरेला, आणि समोर हाताच्या अंतरावर दुसरी इमारत. जुन्या झोपडीत छत्री होती, इथे सिग्नलच नाही. आईला सह्याद्रीवरचे अभंग आणि बातम्या लागतात. केबलचा खर्च टाळायचा आहे. २०१६मध्ये मुंबईत अँटेनावरचं डिजिटल प्रसारण सुरू झाल्याचं वाचलं होतं, त्याचा काही उपयोग होईल का?

छत्रीवाला, मानखुर्द

त्या डिजिटलसाठी संचात वेगळा ट्यूनर लागतो. तुमच्या टीव्हीत तो बहुधा नसेल, त्यामुळे त्यावर पैसे घालू नका. फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. मुंबईतून छत्रीचं तोंड आग्नेयेला आणि बरंच वर लागतं, म्हणून उत्तरेच्या खिडकीतून जमणार नाही. गच्ची हाच मार्ग. सोसायटीत तुमच्यासारखी आणखी तीन घरं असतील तर चौघांत एक छत्री लावा. चार तोंडांचा एलएनबी (छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा भाग) मिळतो, प्रत्येक घराला वेगळी वायर जाते आणि प्रत्येकाला हवी ती वाहिनी लागते. गच्चीची परवानगी मात्र लेखी घ्या. वायर डक्टमधून सोडा, खिडकीबाहेरून लोंबती ठेवली तर पावसाळ्यात जोडात पाणी शिरतं. रविवारी दुपारनंतर मी त्या बाजूला असतो, व्यक्तिगत निरोप करा, छत्री बसवून देतो.