मदत हवी आहे: डी-२५ (२५ टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं गोड द्रावण) देऊनही टाच टोचताना बाळ किंचाळतंच, कुठे चुकतंय?

शाहूपुरी_वॉर्ड:
शाहूपुरीतल्या छोट्या प्रसूतिगृहासाठी विचारतेय. कावीळ आणि शुगर बघायला टाचेतून रक्त घेतात. बाळं ३४ आठवड्यांपुढची, १.८ किलोच्या वरची. दुखणं कमी करायला देतात त्या सुक्रोजच्या (साखरेच्या द्रावणाच्या) तयार कुप्या नाहीत, म्हणून डी-२५ वापरतात. १ मिली तोंडात सोडायचं आणि लगेच टोचायचं, अशी पद्धत आहे. तरी बाळ किंचाळतं, टाच दाबून दाबून रक्त काढावं लागतं, कधी दुसऱ्यांदा टोचावं लागतं. डोस वाढवायचा का? बधिरतेचं क्रीम किंवा पॅरासिटामॉलचे थेंब चालतील? शिवाय आज्या विचारतात, गुळाचं पाणी देऊ का?

रंकाळ्याकाठी:
ताई, डोस नाही, वेळ चुकतेय. गोडाचा परिणाम चढायला दोन मिनिटं लागतात आणि पाच-सात मिनिटांत तो ओसरतो. लगेच टोचलं तर पाजल्याचा काही उपयोग नाही, आणि स्पिरिट-कापूस शोधण्यात दहा मिनिटं गेली तरी तेच. म्हणून आधी सगळं सामान मांडून ठेवा, मग गोड द्या.

सुई काढलेल्या १ मिलीच्या सिरिंजमध्ये अर्धा मिली घ्या. या वजनाच्या बाळाला तेवढं पुरतं. त्यातलं निम्मं जिभेच्या पुढच्या भागावर थेंबाथेंबाने सोडा. घशाकडे सोडलं तर ठसका लागतो. मग ग्लोव्ह घातलेलं बोट चोखायला द्या, घड्याळात दोन मिनिटं मोजा आणि उरलेलं टोचायच्या क्षणी द्या. रायल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीतून) दिलं तर परिणाम होत नाही, कारण सगळी मदार जिभेला गोड लागण्यावर आहे. तोंडावाटे काहीच न देण्याची ऑर्डर असेल किंवा बाळ नीट गिळत नसेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

सिरिंजवर चिकटपट्टी लावून 'फक्त तोंडात' लिहा आणि ती सलाईनच्या ट्रेमध्ये ठेवू नका. चुकून शिरेत गेलं तर नवजाताला डी-२५ फार तीव्र असतं. फोडलेली अँप्युल दिवसभर पुरवायची नाही, उरलेलं टाकून द्यायचं.

टाच_नीट_धरा:
वरचं सगळं बरोबर, पण तुमचा निम्मा प्रश्न टाचेचा आहे. टोचण्यापेक्षा दाबणं जास्त दुखतं. साध्या सुईने खोलीचा अंदाज राहत नाही, ठरावीक खोलीचं ऑटोमॅटिक लॅन्सेट (टोचणी) मागवा. २.४ मिमीपेक्षा खोल जायचं नाही. जागा तळव्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या कडेची. मागच्या गोलाईवर टोचू नका, तिथे हाड जवळ असतं.

स्पिरिट पूर्ण वाळू द्या, ओलं असेल तर झोंबतं आणि रक्तातही मिसळतं. पाय शरीराच्या पातळीपेक्षा खाली ठेवा. पहिला थेंब पुसून टाका. मग हलकं दाबा, सोडा, टाच भरू द्या, पुन्हा दाबा. सलग पिळलं तर रक्तपेशी फुटून रिपोर्ट बिघडतो आणि पुन्हा टोचण्याची पाळी येते.

आणखी एक, हे फार कुणी सांगत नाही: डी-२५ ने चिकट झालेल्या ग्लोव्हने टाच धरली तर ग्लुकोमीटर शुगर जास्त दाखवतो. खरी कमी शुगर तिथेच सुटते. गोड देणारा हात आणि टाच धरणारा हात वेगळा ठेवा.

बिलिरुबिनसाठी (काविळीच्या तपासणीसाठी) रक्त जास्त लागणार असेल तर सरावाच्या हाताने शिरेतून घेतलेलं बरं. पूर्ण दिवसांच्या बाळाला ते टाचेपेक्षा कमी दुखतं.

क्रीमचं म्हणाल तर टाचेला त्याचा फायदा होत नाही. शिरेसाठी लावायचं तर तासभर आधी, तेही डॉक्टरांनी सांगितलं तरच, कारण त्यातल्या प्रिलोकेन या बधिर करणाऱ्या औषधामुळे मेथहिमोग्लोबिन (ऑक्सिजन वाहू न शकणारं हिमोग्लोबिन) वाढू शकतं. पॅरासिटामॉल टोचण्याच्या कळेवर चालत नाही.

बाळंतीण_वॉर्ड_३:
आई शेजारच्या खाटेवर असताना डी-२५ कशाला, हा माझा पहिला प्रश्न! चार-पाच मिनिटं आधी अंगावर घ्यायला सांगा. बाळ नीट धरून ओढायला लागलं की टोचा, पाजणं थांबवू नका. पाजणं जमत नसेल तर दहा-पंधरा मिनिटं उघड्या छातीवर ठेवा. सिझेरियनची बाळंतीण उठू शकत नसेल तर आजीला कामाला लावा: एक तळवा डोक्यावर, दुसऱ्याने दोन्ही गुडघे पोटाशी धरायचे, रक्त घेऊन होईपर्यंत हात काढायचा नाही. दुपट्यात गुंडाळायचं तर फक्त एक पाय बाहेर.

गुळाचं पाणी नको. गूळ कोल्हापूरचा असला तरी नको: ते निर्जंतुक नसतं आणि गोडी मोजता येत नाही. मध तर वर्षाच्या आत बोटाला लावूनसुद्धा नाही, बोट्युलिझमचा (स्नायू लुळे पाडणाऱ्या विषबाधेचा) धोका असतो.

शाहूपुरी_वॉर्ड:
वेळ आणि टाच दोन्ही चुकत होतं तर. आता बाळ शांत राहिलं, म्हणजे दुखलं नाही असं धरायचं का?

रंकाळ्याकाठी:
तसं धरू नका. २०१० साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात सुक्रोज दिलेल्या बाळांचे चेहरे कमी आक्रसले, पण टोचल्यावर मेंदूत उठणारा प्रतिसाद कमी झाला नव्हता. त्या निष्कर्षावर वाद आहे, म्हणून गोड देणं बंद करायचं नाही. पण थकलेलं, दिवसांआधी जन्मलेलं बाळ रडतही नाही, नुसतं सैल पडतं. कपाळाची आठी, घट्ट मिटलेले डोळे, नाकाशेजारची घडी बघा. निप्सचा (नवजाताचं दुखणं गुणांनी मोजायच्या पद्धतीचा) तक्ता भिंतीला लावा: एकूण ७ गुण, ३ च्या वर गेले तर दुखतंय असं समजा.

आणि टोचण्या मोजा. सकाळची शुगर आणि दुपारचं बिलिरुबिन एका वेळेत बसत असेल तर एकदाच टोचा. त्वचेवरून कावीळ मोजणारं यंत्र असेल तर आधी ते लावा, फक्त फोटोथेरपी (काविळीचे प्रकाश-उपचार) सुरू झाल्यावर त्याच्या आकड्यावर विसंबू नका.