फुकटच्या प्रॉक्सीचं प्रमाणपत्र बसवलं, घोळ झालाय का?

प्रश्न: नेटवरच्या यादीतून निनावी प्रॉक्सी (आपलं नेट ज्यातून जातं तो मधला सर्व्हर) उचलला. त्याने 'हे रूट प्रमाणपत्र (कुठल्या साइटी खऱ्या मानायच्या हे यंत्राला सांगणारी फाइल) बसवा' म्हटलं, मी मुकाट्याने बसवलं. वर मेलही उघडला (अक्कल गहाण!).

उत्तर १: झालाय. एरवी एचटीटीपीएस (साइटशी कुलूपबंद जोडणी) असलं की प्रॉक्सीला साइटचं नाव कळतं, आतला मजकूर नाही. तुम्ही मात्र प्रमाणपत्र बसवून त्या कुलपाची किल्लीच प्रॉक्सीच्या हातात दिलीत. पासवर्डसुद्धा वाचता येतो. प्रमाणपत्र काढा, दुसऱ्या यंत्रावरून पासवर्ड बदला.

उत्तर २: सगळीकडून लॉगआउटही करा, कुकी (लॉगिन लक्षात ठेवणारी खूण) चोरीला गेली असेल. २००७ मध्ये डॅन एगरस्टॅड या स्वीडिश संशोधकाने टॉरचे (ओळख लपवणाऱ्या नेटवर्कचे) ५ एक्झिट नोड, म्हणजे माहिती बाहेर पडते ते शेवटचे सर्व्हर, चालवून दूतावासांच्या मेलचे पासवर्ड टिपले होते. ते मेल कुलपाशिवायच जात होते, त्यामुळे तिथे तर प्रमाणपत्रही लागलं नाही.

प्रश्नकर्ता: काढलं. मेलच्या सेटिंगमध्ये अनोळखी पत्त्यावर फॉरवर्ड लावलेला सापडला. तोही उडवला.