मदत हवी आहे: लेकीचे ओठ मिटत नाहीत, हिरड्या खूप दिसतात

माझी मुलगी 14 वर्षांची आहे. हसली की वरच्या हिरड्या चांगल्या 6 मिमी दिसतात. त्याचं मला काही नाही, तिचं हसू गोडच आहे. काळजी वेगळी आहे. शांत बसलेली असतानाही तिचे ओठ उघडेच राहतात. मुद्दाम मिटायला सांगितलं की खालचा ओठ वर ओढला जातो, हनुवटी ताठते आणि तिच्यावर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे पडतात. रात्रभर तोंड उघडं, सकाळी पुढच्या हिरड्या कोरड्या आणि लाल. हल्ली फोटो काढताना ती तोंडावर हात धरते, ते बघवत नाही.

दातांच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं की ओठ आखूड नाही, वरचा जबडा उभा जास्त वाढलाय. म्हणून ओठ मिटायला हनुवटीच्या स्नायूला सतत जोर लावावा लागतो. आधी मिनी-स्क्रू (हाडात बसवतात ते छोटे स्क्रू, त्यांच्या आधाराने दात वर ओढतात) लावून तारा, नाही जमलं तर वाढ थांबल्यावर जबड्याचं ऑपरेशन. बोटॉक्सचा (ओठ वर ओढणारे स्नायू सैल करणारं इंजेक्शन) परिणाम काही महिनेच टिकतो, म्हणून ते नको म्हणाले.

कुणाच्या मुलांना स्क्रूने फरक पडला का? ओठ आपोआप मिटायला लागले का, हनुवटीवरचा ताण गेला का? आणि नाक बंद असल्यामुळे तोंड उघडं राहतं का हे बघायला, तारा लावण्याआधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवलं होतं का? कृपया सविस्तर लिहा.