मदत हवी आहे: हुंकार द्यायची सवय मोडली, परत कशी लावू?

मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे. २०२०च्या लॉकडाउनपासून मी घरूनच काम करते. रोज चार-पाच मीटिंगा, सगळ्या व्हिडिओ कॉलवर. समोरचा बोलताना मी ‘हं’, ‘बरं’, ‘हो का?’ म्हटलं की त्याचा आवाज तुटायचा. स्पीकरवर असलं की प्रतिध्वनी काढणारी यंत्रणा कधीकधी एका बाजूचा आवाजच दाबते म्हणे. म्हणून म्यूट राहून नुसती मान डोलवायला शिकले.

दुसरी खोड थांबण्याची. समोरासमोरच्या गप्पांत एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला जेमतेम २०० मिलिसेकंद जातात. रेंज खराब असली तर तेवढा वेळ आवाज पोचायलाच लागतो, मग दोघं एकदम बोलतात आणि ‘तुम्ही बोला, तुम्ही बोला’ सुरू! त्यापेक्षा समोरच्याचं पूर्ण संपेपर्यंत मी गप्प.

आता हे घरात शिरलंय. परवा आई मेथी निवडत गावाकडच्या भांडणाचं सांगत होती. मी अगदी मन लावून ऐकत होते, मानही डोलवत होते. पण तिचं लक्ष भाजीत. शेवटी चिडून म्हणाली, “अगं, भिंतीशी बोलतेय का मी?” (आणि उठताना मी तिला हात हलवून बाय केलं, ते वेगळंच.)

असं आणखी कुणाचं झालंय का? हेडफोन लावून, माइक चालू ठेवून बोलल्याने फरक पडतो का? ऑफिसात मधे ‘हं’ म्हटलेलं लोकांना खटकतं का? आणि आईला काय सांगू?