मदत हवी आहे: व्हॉल्व्हचा रेडिओ नुसता घुमतो आणि ईएल ८४ लाल होतो

लाकडीखोका:
लाकडी कॅबिनेटचा टेबल रेडिओ आहे. सहा व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्या): ईसीएच ८१, ईएफ ८९, ईबीसी ८१, आउटपुटचा ईएल ८४, रेक्टिफायर ईझेड ८० आणि स्टेशन लागलं की मिटणाऱ्या हिरव्या डोळ्याचा ईएम ८०. आत मेन ट्रान्सफॉर्मर आहे. मागचा व्होल्टेज सिलेक्टर २२० वर होता, घरात २४२ व्होल्ट येतात.

चालू केल्यावर अर्ध्या मिनिटात जोरदार हमिंग सुरू होतं. व्हॉल्यूम पूर्ण बंद केला तरी तेवढंच. त्याच्यामागे कुठेतरी पुसटसं स्टेशन. डोळा मंद, हलत नाही. पाचेक मिनिटांत ईएल ८४ च्या आतला पत्रा एका बाजूने लालसर दिसायला लागला, तेव्हा बंद केला. दुकानांत विचारलं तर एकच उत्तर: "याचं आता कोणी करत नाही, आत एफएमचं किट बसवून देतो."

मल्टिमीटर (डिजिटल) आणि सोल्डरिंग आयर्न आहे. सर्किट नाही. ईएल ८४ नवा मिळतोय, मागवू का?

डायलदोरी:
आत्ता मागवू नका. नवा घातलात तर तोही पाच मिनिटांत लाल होईल. व्हॉल्व्ह सहसा शेवटी मरतात, आधी मरतात ते कंडेन्सर. तुमच्याकडे एक नाही, दोन बिघाड दिसताहेत.

पहिला, फिल्टरचा. व्हॉल्यूम शून्यावर असताना हमिंग तेवढंच, म्हणजे ते व्हॉल्यूम कंट्रोलच्या पुढे शिरतंय. पॉवरच्या डब्यातले दोन्ही इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर (बहुधा ५०+५० एमएफडी, म्हणजे मायक्रोफॅरड, ३५० व्होल्ट) सुकलेत. दुसरा, ईबीसी ८१ च्या प्लेटवरून (आतला पत्रा) ईएल ८४ च्या ग्रिडला (प्रवाह आवरणारी जाळी) जाणारा कपलिंग कंडेन्सर. ०.०१ किंवा ०.०२२ एमएफडीचा मेणाचा कागदी असतो. तो लीक झाला की ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज येतं, व्हॉल्व्हला लगाम राहत नाही आणि प्लेट तापून लाल होते. असंच चालू ठेवलं तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा प्रायमरी जातो, आणि तो मिळवणं व्हॉल्व्ह मिळवण्यापेक्षा कितीतरी अवघड.

सेट बंद, प्लग काढलेला असताना एवढं मोजा: ईएल ८४ ची पिन ७ (प्लेट) ते एचटी लाइन (रेक्टिफायरनंतरची २५० व्होल्टच्या आसपासची लाइन), म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा प्रायमरी. साधारण ३०० ते ६०० ओहम दाखवला तर जीव भांड्यात पडला म्हणा.

अर्धाव्होल्ट:
वरच्याशी सहमत. हात घालण्याआधी तीन गोष्टी.

सिलेक्टर २४५ वर न्या. २२० वर २४२ दिले की व्हॉल्व्हचा ६.३ व्होल्टचा हीटर ६.९ वर जातो, म्हणजे दहा टक्के जास्त. तिथेच मर्यादा संपते.

सेटच्या मेन वायरीत सिरीज बल्ब लावा. १०० वॉटचा, तारेचाच. एलईडी चालणार नाही. चालू करताना क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लखलखीत राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा.

आणि प्लग काढल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये २५० व्होल्ट राहू शकतात. १० के (किलोओहम) चा ५ वॉट रेझिस्टर दोन वायरांना लावून ठेवा, कंडेन्सरच्या पॉझिटिव्ह आणि चॅसीला (सेटचा धातूचा सांगाडा) दहा सेकंद टेकवा, मग मीटरने शून्य बघा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडायची जुनी सवय सोडा.

धागा वाचणाऱ्या इतरांसाठी: ज्यांच्या सेटमध्ये यूसीएच ८१, यूसीएल ८२, यूवाय ८५ असे 'यू'वाले व्हॉल्व्ह आहेत आणि मेन ट्रान्सफॉर्मर नाही, त्यांनी हे वाचून सुरुवात करू नये. तिथे चॅसी थेट मेनला जोडलेली असते. प्लग उलटा बसला की चॅसीवर फेज. बटणाचा स्क्रूसुद्धा झटका देतो.

लाकडीखोका:
प्रायमरी ४१० ओहम. सुटलो! आता क्रम सांगाल का?

डायलदोरी:
फिल्टर: ४७ एमएफडी, ४५० व्होल्टचे दोन. ईझेड ८० नंतरच्या पहिल्या कंडेन्सरला ५० एमएफडी ही कमाल मर्यादा आहे. हमिंग अजून कमी होईल म्हणून १०० घातलात तर चालू होताना रेक्टिफायर ठिणग्या मारतो. जुना डबा दिसायला जागेवर राहू द्या, पण त्याच्या वायरी सोडवा. जुन्याला समांतर नवा लावणं म्हणजे फाटक्या ट्यूबवर नवा टायर.

कपलिंग: ०.०२२, ६३० व्होल्ट, फिल्मचा.

बाकीचे मेणाचे सगळे एकेक करून बदला. एक काढला, एक लावला, मग पुढचा. सगळे एकदम काढलेत आणि सर्किट नसलं की बसा डोकं धरून. अभ्रकाचे आणि सिरॅमिक सोडून द्या, ते क्वचित जातात. मेनपासून चॅसीला जाणारा कंडेन्सर असेल तर तिथे वाय-२ (मेनसाठीचा सुरक्षित प्रकार) छापलेलाच घाला, साधा नको. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात पासोड्या विठोबाचा परिसर, हे सगळं नवं मिळतं.

मग सिरीज बल्ब काढून मोजा. ईएल ८४ पिन २ (ग्रिड): शून्य. पिन ३ (कॅथोड): तिथला रेझिस्टर १३५ ओहमचा असेल तर सात व्होल्टच्या आसपास. भागाकार केला की ५०-५५ मिलिअँपिअर येतात, तेवढेच हवेत. नवा कपलिंग लावूनही ग्रिड पॉझिटिव्ह येत असेल, तरच व्हॉल्व्ह गॅसी (आत हवा शिरलेला) म्हणायचा. स्पीकर काढून सेट चालू करू नका.

लाकडीखोका:
मेणाचे नऊ आणि फिल्टर बदलले. हमिंग गेलं! पिन २ शून्य, पिन ३ वर ७.१. पत्रा काळाच राहतो. व्हॉल्यूमच्या मधल्या टोकाला स्क्रूड्रायव्हर लावला की खणखणीत घुमतो.

आता नवीनच. मीडियम वेव्हवर आकाशवाणी मुंबई १०४४ किलोहर्ट्झ झकास येतं, डोळाही मिटतो. पण काटा खाली नेला की ९०० च्या आसपास सगळं गप्प. पुणे ७९२ नाही, मुंबईचंच अस्मिता ५५८ नाही. शेजारच्या ट्रान्झिस्टरवर दोन्ही आहेत.

काळीबटणं:
ईसीएच ८१ गेला. त्यातला ऑसिलेटर (स्टेशन पकडायला सेट आतच तयार करतो तो सिग्नल) खालच्या टोकाला दम सोडतो, हे त्या व्हॉल्व्हचं म्हातारपणाचं ठरलेलं लक्षण. नवीन आता कोणी बनवत नाही. ईएल ८४ गिटार अ‍ॅम्प्लिफायरवाल्यांमुळे अजून बनतो. जुना साठा शोधा, ६एजे८ छापलेला असला तरी तोच.

अर्धाव्होल्ट:
थांबा, पैसे घालवण्याआधी मोजा. ऑसिलेटर बंद पडतो हे निदान बरोबर, कारण मात्र अजून सिद्ध नाही.

ईसीएच ८१ ची पिन ९ ही ट्रायोडची, म्हणजे ऑसिलेटरच्या भागाची ग्रिड. मीटरच्या टोकाशी १०० केचा रेझिस्टर जोडून मोजा, नाहीतर मीटरच्या वायरीनेच ऑसिलेटर दबतो. उणे नऊ व्होल्टच्या आसपास हवेत. काटा एका टोकाकडून दुसरीकडे फिरवत बघा. मग पिन ८, ट्रायोडची प्लेट: एचटी २५० आणि रेझिस्टर ३३ केचा असेल तर साधारण १०० व्होल्ट. शेवटी सेट बंद करून, कंडेन्सर रिकामा करून, तो रेझिस्टर एक टोक सोडवून मोजा.

मीटरशिवायचीही परीक्षा आहे. ट्रान्झिस्टर खेटून ठेवा. या सेटचा काटा ६०० वर असेल तर ऑसिलेटर आयएफएवढा (सेटची ठराविक मधली फ्रिक्वेन्सी, ४५५ च्या आसपास) वर, म्हणजे १०५५ च्या आगेमागे चालतो. ट्रान्झिस्टर १०४४ वर लावून सेटचा काटा ६०० जवळ हळूच हलवा. शिट्टी आली तर ऑसिलेटर जिवंत.

लाकडीखोका:
शिट्टी नाही. पिन ९: वरच्या टोकाला उणे ६.२, ९०० जवळ उणे १ आणि मग शून्य. पिन ८ वर ६१ व्होल्ट. रेझिस्टरवर तीन केशरी पट्टे, मीटर ५८ के दाखवतो.

अर्धाव्होल्ट:
सापडला चोर. केशरी-केशरी-केशरी म्हणजे ३३ के. त्यातून चार-साडेचार मिलिअँपिअर जातात, पाऊण वॉटच्या जवळपास उष्णता. जुने कार्बन रेझिस्टर अशा जागी वर्षानुवर्षं भाजून वर सरकतात. ३३ के, २ वॉट लावा, चॅसीपासून जरा उचलून. त्यानेही नाही आलं तर काळीबटणं म्हणतात तो व्हॉल्व्ह शोधू.

लाकडीखोका:
लावला. पिन ८ वर ९६, पिन ९ वर उणे ८ ते ९. ५५८ आलं! व्हॉल्व्ह एकही बदलला नाही. काळीबटणं, क्षमस्व.

शेवटचं: डायलवर किलोहर्ट्झऐवजी मीटर (तरंगलांबी) छापलेत. काटा सगळीकडे सारखाच, साधारण पाच मिलिमीटर डावीकडे दाखवतो. आयएफच्या डब्यांतले स्क्रू फिरवून जमेल का?

काळीबटणं:
क्षमस्व कसलं, रेझिस्टर स्वस्त पडला. आयएफच्या स्क्रूंना हातही लावू नका. सिग्नल जनरेटर नसताना ते फिरवले की सेटचा आवाज खलास, आणि फेराइटची गुल्ली साध्या स्क्रूड्रायव्हरने चिरते.

सगळीकडे सारखंच अंतर, म्हणजे काटा दोरीवर सरकलाय. तीन लाख भागिले किलोहर्ट्झ केलं की मीटर मिळतात: ५५८ म्हणजे ५३८, ७९२ म्हणजे ३७९, १०४४ म्हणजे २८७. अस्मिता लावा, बटण धरून ठेवा, काट्याची पकड सैल करून ५३८ वर आणा. मग २८७ तपासा. दोन्ही जुळले की पकडीवर नेलपॉलिशचा एक थेंब. दोरीवर सांडू देऊ नका, ती कडक होऊन पुलीवर घसरते.