ऑस्टिनमध्ये जानेवारीत शिंका, ही सर्दी का ॲलर्जी?

पुणेकर_परदेशी: डिसेंबरात इकडे आलोय, तेव्हापासून नाक नळासारखं गळतंय, डोळे चुरचुरतात पण ताप नाही. थंडीत कसली आलीय झाडांची ॲलर्जी, परागकण वसंतात ना?

लिंबूटिंबू: वेलकम टू सीडर फीव्हर, म्हणजे इथली हिवाळी परागकणांची ॲलर्जी! नाव सीडर पण झाड ॲश ज्युनिपर, आणि फीव्हर नुसतं नावाला. सीझनच डिसेंबर ते फेब्रुवारी, जानेवारीत कहर. नर झाडांची टोकं नारिंगी-तपकिरी दिसतात, फांदी हलवली की परागकणांचा पिवळा धूर उडतो, लांबून बघणाऱ्याला आग लागलीय असंच वाटतं.

चहा_उकळतोय: पाऊस असला की बरं, हवेतली पावडर खाली बसते, ओल्या हवेत ते बारके शंकू उघडतही नाहीत. पण थंडीची लाट येऊन गेली आणि उत्तरेचा कोरडा वारा सुटला की एकदम फुटतात, हिल कंट्रीतलं (शहराच्या पश्चिमेचा डोंगराळ भाग, तिथेच ही झाडं) सगळं शहरात. त्या दिवशी खिडक्या बंद, बाहेरून आलं की आंघोळ.

पुणेकर_परदेशी: अरे देवा, काल मस्त कोरडं ऊन-वारा बघून चादरी बाहेर वाळत घातल्या आणि रात्री त्यावरच झोपलो 🤦

लिंबूटिंबू: धू परत, ड्रायरमध्ये टाक!